चार चौकटींचा रतीब

रेडिओवरून चित्रांविषयी बोलणं हे तसं विचित्रच काम. ऐकणाऱ्याला काही दिसत नाही आणि बोलणाऱ्याला बोट ठेवून दाखवता येत नाही. पण या कामात माझ्याआधी एक मोठा माणूस होऊन गेला आहे, तेव्हा फारसा संकोच करत नाही.

१९४५ सालचा जुलै महिना. न्यूयॉर्क शहरात वर्तमानपत्रं पोचवणाऱ्या कामगारांनी संप पुकारला. १७ दिवस संप चालला. जपानशी युद्ध अजून संपलेलं नव्हतं आणि लोकांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं. अशा वेळी शहराचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया रविवारी महापालिकेच्या रेडिओ केंद्रात जाऊन बसले आणि त्यांनी मुलांना वाचून काय दाखवलं? वर्तमानपत्रातल्या चित्रमालिका! ‘डिक ट्रेसी’ नावाच्या डिटेक्टिव्हची गोष्ट त्यांनी चौकटीमागून चौकट, अगदी रंगात येऊन सांगितली. एवढ्या मोठ्या शहराच्या महापौराला युद्धाच्या धामधुमीतही वाटलं, की या पोरांचा रविवार असा कोरडा जाता कामा नये.

एवढी माया ज्या गोष्टीवर जडते, ती गोष्ट काळाबरोबर बदलते कशी, आणि बिघडते कशी, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला. सकाळी चहाच्या कपाबरोबर आधी चिंटू आणि मग मुख्य बातमी, अशी सवय अनेक घरांना लागली. त्याच्याही आधीची पिढी वेताळावर वाढली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला मुखवटेधारी वेताळ आपल्याला पुस्तकरूपात भेटला, पण मुळात तो ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेला. तिथे त्याची गोष्ट रोज दोन-तीन चौकटी अशी तुकड्यातुकड्यानं छापून येई. तेच तुकडे जोडून, कापून, जुळवून आपल्या हातातलं पुस्तक तयार व्हायचं. म्हणजे आपणही या रतिबाचे जुने गिऱ्हाईक आहोत, फक्त दूध आपल्याकडे उशिरा पोचायचं.

चित्रमालिकेचा विषय निघाला, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही.’ आणि दुसरं, ‘तेच तेच किती वर्षं चालणार?’ दोन्ही वाक्यं बहुधा एकच माणूस बोलतो! त्यात तथ्य किती हे पाहायचं, तर अमेरिकेकडे पाहावं लागतं. तिथल्या वर्तमानपत्रांतच ही कला वाढली आणि तिचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा हिशेब मांडता येतो.

सुरुवातीची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८९५ च्या सुमारास जोसेफ पुलित्झर यांच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट नावाचा चित्रकार गरीब वस्तीतल्या पोरांची चित्रं काढत असे. त्यांत डोक्याचा गोटा केलेलं, पायघोळ अंगरखा घातलेलं एक पोर होतं. त्याचा अंगरखा पिवळा छापला गेला आणि ते ‘यलो किड’ म्हणून गाजलं. त्याचं बोलणं त्या अंगरख्यावरच लिहिलेलं असे. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १८९६ मध्ये आउटकॉल्टला जास्त पैसे देऊन आपल्या ‘जर्नल’मध्ये ओढलं. पुलित्झरही गप्प बसणारे नव्हते. त्यांनी जॉर्ज लक्स या दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढून घ्यायला सुरुवात केली. एकाच शहरात, दोन वर्तमानपत्रांत, दोन हातांनी काढलेलं एकच पिवळं पोर! खप वाढवण्यासाठी चाललेल्या या दोघांच्या भडक स्पर्धेवरूनच ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द रूढ झाला, असं मानलं जातं. आपण तो शब्द राजकारणाच्या चर्चेत जपून वापरतो, पण त्यातला पिवळा रंग एका चित्रातल्या अंगरख्याचा आहे.

या गोष्टीत पुढच्या सगळ्या इतिहासाचं बी आहे. चित्रमालिका कुणाची? काढणाऱ्याची की छापणाऱ्याची? हात बदलला, तर पात्र तेच राहतं का?

आता जागेकडे वळू. १९०५ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये विन्सर मॅके यांची ‘लिटल नेमो’ सुरू झाली. वर्तमानपत्राचं अख्खं पान, तेही रंगीत, एकट्या मॅकेंचं. नेमो नावाचा मुलगा रोज रात्री स्वप्नांच्या देशात जातो आणि शेवटच्या छोट्या चौकटीत पलंगावर किंवा पलंगाखाली जागा होतो. १९०८ मधल्या एका पानात त्याच्या पलंगाचे पाय लांब लांब होत जातात आणि पलंग घोड्यासारखा शहरावरून चालू लागतो. पाय वाढतात तशा चौकटीही उंच होत जातात. पान मोठं होतं, म्हणून चौकट वाढवता आली. आजच्या बोटभर पट्टीत त्या पलंगाला उभंही राहता येणार नाही.

मॅके आठवड्यातून एकदा पान भरत. रोजचा रतीब १९०७ मध्ये सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘क्रॉनिकल’मध्ये, खेळांच्या पानावर, बड फिशर यांनी मट नावाचा एक लंबू जुगारी आणला. मट रोज घोड्यांवर पैसे लावी. तो जिंकला की हरला हे कळायला दुसऱ्या दिवशीचा अंक घ्यावा लागे. रोज छापून यशस्वी झालेली ही पहिली पट्टी. पुढे मटला जेफ हा बुटका जोडीदार मिळाला आणि फिशर श्रीमंत झाले. मग त्यांनी काम मदतनिसांवर सोपवलं. १९३२ पासून ही मालिका अल स्मिथ काढत होते. पण १९५४ मध्ये फिशर वारले, तोवर पट्टीवर सही फिशर यांचीच असे. २२ वर्षं चित्र एकाचं आणि सही दुसऱ्याची! आम्हा शायरांच्या जगात गझलेच्या शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव येतं, त्याला तखल्लुस म्हणतात. गझल एकानं लिहावी आणि तखल्लुस दुसऱ्याचं यावं, तसाच हा प्रकार.

पण म्हणून जुन्या काळी सगळे कारखानेच होते, असं नाही. जॉर्ज हेरिमन यांची ‘क्रेझी कॅट’ पाहा. १९१३ मध्ये ती स्वतंत्र पट्टी झाली. एक मांजर एका उंदरावर जीव टाकतं. उंदीर त्याला वीट फेकून मारतो. मांजराला वाटतं, ही वीट म्हणजेच प्रेमाची खूण. आणि पोलीस असलेला कुत्रा त्या मांजरावर लुब्ध होऊन उंदराला तुरुंगात टाकतो. तीस वर्षं एवढीच गोष्ट! पण मागचं दृश्य मात्र प्रत्येक चौकटीत बदलतं. आत्ता डोंगर होता तिथे पुढच्या चौकटीत झाड, मग चंद्र. सामान्य वाचकाला ही मालिका फारशी रुचत नसे. ती टिकली ती मालक हर्स्ट यांना आवडत होती म्हणून. तेच हर्स्ट, ज्यांनी खपासाठी पिवळं पोर पळवलं होतं! माणूस एका रंगाचा नसतो. १९४४ मध्ये हेरिमन वारले आणि ती मालिका दुसऱ्या कुणाच्या हाती न देता थांबवण्यात आली.

तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली. वर्तमानपत्रांनी पानं कमी केली आणि चित्रमालिकांची जागा आखडली. युद्ध संपलं, पण गेलेली जागा परत आली नाही. एकदा बाकावर सरकून बसायची सवय लागली, की कोण पुन्हा ऐसपैस बसू देतो! ज्यांना संथ, बारकाईनं काढलेली दृश्यं लागत, अशा साहसकथांचा श्वास तेव्हापासून कोंडू लागला. रविवारच्या पानांचंही तसंच झालं. संपादकाला जागा कमी पडली, तर वरची ओळ कापता यावी अशी मांडणी रूढ झाली. साहजिकच चित्रकार त्या वरच्या ओळीत टाकाऊ विनोद घालू लागले. कापली जाणारच, तर जीव कशाला ओता?

इथवर ऐकून वाटेल, की जागा गेली आणि कला गेली. पण नेमक्या याच टंचाईतून या कलेतलं एक फार मोठं नाव पुढे आलं. २ ऑक्टोबर १९५० रोजी अवघ्या सात वर्तमानपत्रांत चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ सुरू झाली. वितरकांनी ती विकली ती ‘जागा वाचवणारी’ म्हणून. सारख्या आकाराच्या चार चौकटी. आडव्या लावा, उभ्या लावा, नाहीतर दोनावर दोन रचा. ‘पीनट्स’ हे नावही वितरकांनीच दिलेलं. शुल्झ यांना ते कधीच आवडलं नाही. म्हणजे जागा दुसऱ्यानं ठरवली, नाव दुसऱ्यानं ठेवलं. उरलं काय? फक्त रेघ. शुल्झ यांनी त्या रेघेत सगळं काही आणलं.

एवढ्या छोट्या चौकटीत झाड-घर-रस्ता मावणार नाही, म्हणून त्यांनी ते काढणंच कमी केलं. एक भिंत, तिच्यावर कोपरं टेकून उभी असलेली दोन मुलं, आणि मध्ये शांतता. तिसऱ्या चौकटीत कुणी काहीच बोलत नाही, नुसतं पाहतं. चौथ्या चौकटीत एक वाक्य येतं. शेराची पहिली ओळ म्हणून झाल्यावर चांगला शायर क्षणभर थांबतो, सभागृहाला वाट पाहायला लावतो आणि मग दुसरी ओळ सोडतो. शुल्झ यांची तिसरी चौकट म्हणजे ते थांबणं आहे.

आणि ही शैली पहिल्या दिवशी तयार नव्हती. १९५० मधली पोरं पाहिली तर ओळखू येत नाहीत. डोकी भोपळ्याएवढी, अंग इवलंसं. स्नूपी साधा चार पायांवर चालणारा कुत्रा. त्याच्या मनातले विचार वाचकांना दिसू लागले १९५२ मध्ये. मग तो दोन पायांवर चालू लागला, घराच्या छपरावर झोपू लागला आणि १९६५ मध्ये त्याच छपराचं विमान करून पहिल्या महायुद्धातला वैमानिक झाला. गोंडस मुलांच्या मालिकेत एकटेपणा आला, हार आली, उत्तर न मिळालेली पत्रं आली. १९८८ मध्ये शुल्झ यांनी चार समान चौकटींचा जुना नियमही मोडला. कधी तीन, कधी सबंध पट्टीची एकच चौकट. वय वाढलं तसा त्यांचा हात कापू लागला. शेवटच्या वर्षांतल्या पट्ट्या नीट पाहिल्या, तर तो कंप रेघेत दिसतो. त्यांनी तो लपवला नाही, की मदतनीसही ठेवला नाही. ५० वर्षांत १७,८९७ पट्ट्या, सगळ्या एकट्याच्या हाताच्या. आपल्यानंतर नवी पट्टी दुसऱ्या कुणी काढू नये, ही त्यांची अट होती. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री ते वारले. त्यांच्या निरोपाची शेवटची पट्टी दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या अंकांत छापून आली. अनेक वाचकांना निरोप आणि मृत्यूची बातमी एकाच सकाळी मिळाली.

याच्या उलट टोकाला ‘गारफिल्ड’ आहे. जिम डेव्हिस यांची ही मालिका १९७८ मध्ये ४१ वर्तमानपत्रांत सुरू झाली. सुरुवातीचा गारफिल्ड थुलथुलीत, बारीक डोळ्यांचा, चार पायांवर चालणारा बोका होता. त्याच्यात एक ओबडधोबड जिवंतपणा होता. हळूहळू डोळे मोठे आणि एकसारखे झाले, बोका दोन पायांवर उभा राहिला, रेघ गुळगुळीत झाली. १९८१ मध्ये डेव्हिस यांनी कंपनी काढली आणि चित्रकारांचा ताफा कामाला लागला. बाहुल्या, कप, स्टिकर अशा शेकडो वस्तूंवर एकच चेहरा बिनचूक उमटायचा, तर रेघ बदलून कशी चालेल? २००२ मध्ये सर्वाधिक वर्तमानपत्रांत छापली जाणारी मालिका म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. हे यश खोटं नाही. रोज हसवणं ही सोपी गोष्ट नव्हे. पण पहिल्या तीन वर्षांत जेवढं बदललं, तेवढं पुढच्या तीस वर्षांत बदललं नाही, हेही खरं.

या दोघांच्या मध्ये बिल वॉटरसन उभे आहेत. १९८५ मध्ये त्यांची ‘केल्विन अँड हॉब्ज’ आली. एक हूड मुलगा आणि त्याचा खेळण्यातला वाघ. वाघ इतरांना कापसाचा दिसतो, मुलाला मात्र जिवंत. वस्तूंवर चित्रं छापायला वॉटरसन यांनी साफ नकार दिला. १९९१ मध्ये त्यांनी नऊ महिन्यांची रजा घेतली आणि परतताना अट घातली: रविवारी अर्धं पान हवं आणि त्यातली एकही चौकट कापायची नाही. काही संपादक वैतागले, पण बहुतेकांनी मालिका चालू ठेवली. मग त्या अर्ध्या पानात डायनोसॉर, परग्रह, बर्फाच्या टेकड्या असं काही उतरलं, की लोकांना मॅके आणि हेरिमन आठवले. ३१ डिसेंबर १९९५ रोजी, मालिका दोन हजारांहून जास्त वर्तमानपत्रांत छापली जात असताना, त्यांनी ती स्वतःहून थांबवली.

तर मग सूत्र असं काढायचं का, की मूळ हात गेला, की मालिका मेली? तसंही नाही. १९२२ मध्ये ‘फ्रिट्झी रिट्झ’ नावाची एक साधी मालिका सुरू झाली. १९२५ मध्ये ती अर्नी बुशमिलर या तरुण पोराकडे वारसानं आली. त्यानं १९३३ मध्ये नायिकेची भाची आणली, नॅन्सी. ती भाची इतकी भारी पडली, की १९३८ मध्ये मालिकेचं नावच ‘नॅन्सी’ झालं. म्हणजे या मालिकेचं सोनं वारसदारानंच केलं. बुशमिलर १९८२ मध्ये वारल्यावर ती अनेक हातांतून फिरली. २०१८ मध्ये ऑलिव्हिया जेम्स हे टोपणनाव घेतलेल्या एका स्त्री-चित्रकारानं ती हाती घेतली. नॅन्सीच्या हाती मोबाइल आला, शाळेत रोबो आले. जुने वाचक चिडले, पण नवे वाचक कितीतरी वर्षांनी ‘नॅन्सी’कडे वळले. आणि ‘पॉपाय’चं काय? एल्झी सेगर यांची मालिका १९१९ पासून दहा वर्षं चालली होती, तेव्हा १९२९ मध्ये एका सफरीपुरता एक खलाशी तिच्यात आला. तो आला आणि घरमालकच होऊन बसला! सेगर पहिल्या यशस्वी साच्याला चिकटून बसले असते, तर पॉपाय जन्मलाच नसता.

म्हणून माझ्या मते दोष वयाला नाही, छोट्या जागेला नाही, वारसालाही नाही. हात बदलायला मोकळा आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. शुल्झ शेवटपर्यंत बदलत राहिले. बुशमिलर यांनी मिळालेलं घर मोडून नवं बांधलं. जिथे पात्रानं कालच्यासारखंच दिसावं, कालच्यासारखंच बोलावं असा दंडक आला, तिथे चित्र सुबक झालं आणि मालिका निर्जीव झाली.

आणि हा दंडक घालतो कोण? वितरक, कंपन्या, संपादक हे सगळे आहेतच. पण त्यांच्यामागे आपण, वाचक आहोत. एखादी म्हातारी मालिका बंद करायची म्हटलं, की संपादकाकडे तक्रारींचा ढीग येतो. महिनोन् महिने तिच्याकडे न पाहणारा माणूसही बंद झाल्याच्या दिवशी पत्र लिहितो. मुशायऱ्यात मी हे अनेकदा पाहिलं आहे. नामवंत शायर नवी गझल वाचायला उभा राहतो आणि मागच्या रांगांतून वीस वर्षांपूर्वीच्या गझलेची फर्माइश सुरू होते. तो बिचारा तीच म्हणतो, टाळ्या पडतात, आणि नवी गझल खिशातल्या कागदावर तशीच घरी जाते. काही वर्षांनी तो नवी लिहायचंच सोडतो. मग आपणच म्हणतो, ‘पूर्वीसारखं लिहीत नाही हो!’

वर्तमानपत्रातली जागा मोजकी असते आणि अलीकडे ती आणखी कमी होत चालली आहे. जुन्या नावानं अडवलेल्या प्रत्येक पट्टीमागे एक नवा चित्रकार दाराबाहेर उभा असतो. त्याची पहिली वर्षं ओबडधोबडच असणार. शुल्झ यांची होती, डेव्हिस यांची होती. सात वर्तमानपत्रांतल्या त्या भोपळ्याएवढ्या डोक्यांच्या पोरांना कुणीतरी वेळ दिला, म्हणून स्नूपीला छपरावर चढता आलं.

तेव्हा तुमच्या वर्तमानपत्रात उद्या एखादी अनोळखी पट्टी दिसली, चित्रं थोडी वेडीवाकडी वाटली आणि पहिल्या दिवशी हसू आलं नाही, तर लगेच संपादकाला पत्र लिहू नका. सहा महिने रोज पाहा. आणि लिहायचंच असेल, तर सहा महिन्यांनी त्या चित्रकाराला लिहा, त्याची रेघ कुठे बदलली ते सांगा. रोजचा रतीब घालणाऱ्याला कुणीतरी नीट पाहतंय, एवढं कळलं तरी त्याचा हात मोकळा राहतो.